नाक्यावरच्या वायरमनला कुठलं काम द्यायचं आणि कुठलं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की गोरेगावला चाळीसेक वर्षं जुन्या बिल्डिंगमधे रिसेलचा वन बीएचके घेतलाय आणि राहायला आल्यावर बारीकसारीक कामं निघत चाललीत. फॅन हळू फिरतो, बेलचं बटण अडकतं, बेडरूमचा एलईडी बंद केला तरी मिणमिणत राहतो, गिझरचा प्लग गरम होतो, किचनमधे इंडक्शनसाठी पॉइंट पाहिजे, बाल्कनीत एक दिवा पाहिजे, आणि जोरात पाऊस लागला की आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लाइन तोडणारा मेनजवळचा स्विच, पडतो. खालच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणारा वायरमन शेजाऱ्यांकडे येतो, तर सगळं त्यालाच द्यावं का कोणी लायसन्सवाला काँट्रॅक्टर बघावा.

आधी एक सांगतो, गिझर आजपासून बंद ठेवा, त्याच्या पॉइंटचा एमसीबीच (करंट जास्त झाला की आपोआप पडतो तो स्विच) पाडून, म्हणजे बंद करून, ठेवा आणि दोन-चार दिवस गॅसवर पाणी तापवा. बाकीचं निवांत वाचलंत तरी चालेल.

लोकांना वाटतं गिझर गरम होतो तर प्लग पण थोडा होणारच. नाही हो. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर खेचतो, आता सॉकेटच्या आतला स्क्रू ढिला असेल किंवा पितळी पट्टीची पकड गेली असेल आणि तिथे नुसता अर्धा ओहम जरी रेझिस्टन्स तयार झाला तरी तेवढ्या जागेत जवळजवळ 38 वॅटची उष्णता निघते. मोबाइल रिपेअरवाल्याकडे सोल्डरिंगची कांडी असते ना, ती 25 वॅटची असते. म्हणजे तुमच्या प्लगमधे दीड कांडी रोज सकाळी अर्धा तास पेटलेली, आणि आजूबाजूला प्लास्टिक. आणि यात एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो, त्याच्या हिशेबाने सगळं ठीक चाललंय. आपल्याकडे त्यात समुद्राची हवा आणि बाथरूमची वाफ, टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो, पुण्याच्या घरात सॉकेट जितकं टिकतं तितकं मुंबईत टिकत नाही असा माझा अनुभव.

आता मूळ प्रश्न. मी सत्तावीस वर्षं हेच काम करतोय, आयटीआयमधे वायरमनचा ट्रेड केला, मग लालबाग-परळच्या चाळींमधे उस्तादाच्या हाताखाली शिडी धरली, लायसन्स बरंच नंतर काढलं, त्यामुळे नाक्यावरच्या वायरमनला मी नाक मुरडणार नाही, मी तोच होतो. चूक कुठे होते तर लोक काम छोटं का मोठं ते बघतात. पाच मिनिटाचं काम म्हणजे छोटं, आणि छोटं म्हणजे कोणीही करेल. मी वेगळं बघतो, जे होतं तेच परत लावायचंय, का वायरवर नवीन बोजा टाकायचाय, का मुळात झालंय काय तेच माहीत नाहीये. पहिलं नाक्यावरच्याला बिनधास्त द्या, दुसरं हिशेब करून द्या, तिसरं कोणालाही 'काम' म्हणून देऊच नका, आधी शोधायला द्या.

हे काय माझं डोकं नाही, कायद्यातच आहे. 1956 च्या वीज नियमांमधे होतं आणि 2010 च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्या सुरक्षा रेग्युलेशनमधेही तसंच आलं, की दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं यांची अशी बदली ज्याने इन्स्टॉलेशनची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही ती सोडून बाकी काम लायसन्सवाल्या काँट्रॅक्टरनेच करायचं. आता प्रत्यक्षात मुंबईत एका पॉइंटसाठी लायसन्सवाला काँट्रॅक्टर कोण बोलावतो आणि बोलावला तरी येतो कोण, ते तुम्हालाही माहितीये मलाही माहितीये. पण ते 'क्षमता बदलत नाही' एवढे शब्द धरून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

तुमचा फॅन. 'जे होतं तेच परत' यातलं हे शंभर टक्के, बहुतेक कपॅसिटर गेलाय. सीलिंग फॅनला साधारण अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, शंभर रुपयाच्या आतली वस्तू, बदलायला दहा मिनिटं, फक्त जुना काढून त्यावरचा आकडा बघूनच नवीन लावायला सांगा. तो बदलूनही हळूच फिरला तर बेअरिंग किंवा वाइंडिंग, मग फॅन खाली उतरवायचा. आणि यात वीज बाजूला ठेवून एक गोष्ट बघा. चाळीस वर्षांच्या बिल्डिंगमधे फॅनचा हुक स्लॅबच्या सळईला अडकवलेला असतो आणि त्या सळईला गंज लागलेला असू शकतो, स्लॅबचे पोपडे निघालेत का, हुकाभोवती तपकिरी डाग आहे का, वायरमन वर चढलाच आहे तर त्याला हुक हलवून बघायला सांगा. हुक हलला तर वायरमनचं काम संपलं, सिव्हिलवाल्याला बोलवा, तोपर्यंत त्या फॅनखाली कोणी झोपायचं नाही. नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा, फॅन घ्यायचा विचार असेल तर भिंतीवरचा जुना रेग्युलेटर लाइनमधनं काढून टाकावा लागतो हे आधीच सांगून ठेवा, बरेच जण तसाच ठेवतात आणि मग फॅन खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

बेलचं बटण, त्याला काय विचारायचं, द्या त्याला.

मिणमिणणारा एलईडी मात्र फसवा आहे. वाटतं बल्ब बदलला की झालं. स्विचमधे छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्यातनं जाणाऱ्या चिमूटभर करंटनेही एलईडी मिणमिणतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण इंडिकेटर नसेल तर दुसरी शक्यता अशी की कोणीतरी कधीतरी स्विच फेजवर (वीज आणणारी वायर) न देता न्यूट्रलवर (वीज परत नेणारी वायर) दिलाय. म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमधे फेज जिवंतच, आणि तुम्ही स्टुलावर चढून बंद आहे समजून बल्ब काढायला हात घालणार. जुन्या घरांमधे, जिथे दहा भाडेकरू आणि दहा वायरमन होऊन गेले, तिथे हे फार वेळा सापडतं. बोर्ड उघडून फेज-न्यूट्रल तपासणं नाक्यावरच्याला जमतं, पण तुम्ही त्याला सांगताना 'बल्ब बदल' असं सांगू नका, 'स्विच फेजवर आहे का बघ' असं सांगा. 'बल्ब बदल' म्हटलं तर तो बल्बच बदलणार, त्याची तरी काय चूक.

आता इंडक्शनचा पॉइंट, इथे थोडं थांबतो कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. इंडक्शन शेगडी 1800 ते 2100 वॅट, म्हणजे आठ-नऊ अँपिअर. तुमच्या किचनच्या ओट्यावर जो बारीक पिनवाला सॉकेट आहे तो 6 अँपिअरचा, त्याच्या मागे जुन्या घरात बहुतेक 1 स्क्वेअरची, म्हणजे 1 स्क्वेअर एमएम जाडीची, वायर असणार, आणि तीच वायर पुढे ट्यूबलाइट आणि एक्झॉस्टला गेलेली असणार. नाक्यावरचा वायरमन काय करेल, तो 6 चा सॉकेट काढून त्याच बोर्डात 16 चा बसवेल. अर्ध्या तासात काम फत्ते, मोठी पिन बसते, शेगडी चालते, तुम्ही खूश. फक्त भिंतीतली वायर तीच. याला मी काम म्हणत नाही, हा रंगरंगोटीचा प्रकार झाला. बाजारात ते कन्व्हर्जन प्लग मिळतात, मोठी पिन बारीक सॉकेटमधे घालायचे, ते तर शेगडी-गिझरला लावूच नका.

बरोबर काम म्हणजे मेन डीबीपासून (सगळे एमसीबी असतात तो डबा) किचनपर्यंत वेगळी वायर, किमान अडीचची, गिझर-एसीला मी चारची टाकतो, तिला स्वतःचा एमसीबी, आणि बरोबर हिरवी अर्थची वायर. पाइप मोकळा नसेल तर वरून केसिंग पट्टी मारावी लागेल, दिसायला थोडं वाईट दिसतं, घरातल्यांचं आणि माझं नेहमी यावरूनच वाजतं. नाक्यावरचा वायरमन हे करू शकतो का? करू शकतो, हात चांगला असेल तर उत्तम करेल. पण तुम्ही आधी विचारा, "नवीन वायर कुठून आणणार आणि किती एमएमची?" तो म्हणाला "डीबीवरून अडीचची आणतो" तर द्या काम. "अहो इथूनच घेऊ ना, चालून जातं" म्हणाला तर चहा पाजा आणि बेलचं बटण तेवढं बदलून घ्या. आणि घरात आधीच एसी असेल, दुसराही लावायचा असेल, वर गिझर, वर इंडक्शन, तर एकूण लोड मंजूर लोडच्या वर जाऊ शकतो, तिथे मग लायसन्सवाला काँट्रॅक्टर लागतोच कारण वीज कंपनीचे कागद त्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नाहीत.

एमसीबीबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो. काम शिकून दोनेक वर्षं झाली होती, उस्ताद सोडून एकट्याने कामं घ्यायला लागलेलो, दादरला एका काकूंकडे एसी लावल्यापासून 16 चा एमसीबी सारखा पडायचा. मी ऐटीत गेलो, 32 चा लावला, पडायचा बंद झाला, काकूंनी चहा दिला वर लाडू दिला. संध्याकाळी उस्तादाला सांगितलं तर तो दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला, "एमसीबी एसीसाठी नसतो रे, भिंतीतल्या वायरसाठी असतो. वायर दीडची आहे, तू तिचा चौकीदार झोपवून आलास." दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेलो, पाइपमधनं वायर ओढून बघितली तर वरचं कव्हर पापडासारखं मोडत होतं. नवीन वायर माझ्या खिशातनं टाकली. तर तुमच्याकडे कोणी "पडतोय ना, मोठा टाकतो" असं म्हणाला, मग तो नाक्यावरचा असो का ॲपवरून युनिफॉर्म घालून आलेला असो, त्याला हात लावू देऊ नका.

आता आरसीसीबी, म्हणजे जुने लोक ज्याला ईएलसीबी म्हणतात तो. हे 'माहीतच नाही' या जातीतलं काम. आरसीसीबी काय करतो, फेजमधनं गेलेला करंट आणि न्यूट्रलमधनं परत आलेला करंट यांचा सतत हिशेब ठेवतो, घरातला असेल तर 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की लाइन कापतो, कारण तो फरक कुठेतरी भिंतीत, पाण्यात नाहीतर एखाद्याच्या अंगातनं चाललेला असतो. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, वाचवतो तो हाच. आणि नेमका हाच बिचारा पावसाळ्यात शिव्या खातो. 'बाराशे-पंधराशेचा डबा खराब झालाय' म्हणून लोक तो बायपास करून मागतात आणि कोणीतरी करूनही देतं, दोन वायरी इकडून तिकडे, पाच मिनिटं.

तुम्ही बोलावण्याआधी घरीच एवढं करा, सगळ्या पिना काढा, गिझर, वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर, सगळं. नुसता एमसीबी पाडून भागत नाही, कारण साधा सिंगल पोलचा एमसीबी फेजच तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि न्यूट्रल जर कुठे अर्थला टेकत असेल तर एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडतो, यात भले भले चकतात. पिना काढल्यावर आरसीसीबी टिकला तर एकेक वस्तू लावत जा, जिला पडेल ती चोर. माझा पहिला संशय तुमच्या गिझरवरच, एलिमेंट आतून लीक होत असणार. काहीही लावलेलं नसताना पावसात पडला तर मग भिंतीतली वायर, बहुतेक पश्चिमेच्या भिंतीतली, जिकडून पावसाचा मारा येतो, नाहीतर बाल्कनीतला जुना पॉइंट. तेव्हा ज्याच्याकडे मेगर आहे त्यालाच बोलवा. मेगर म्हणजे 500 व्होल्ट देऊन इन्सुलेशन मोजायचं यंत्र, वायर किमान 1 मेगओहम दाखवायला पाहिजे, त्याच्या खाली गेली की ती ओढून काढायची. नुसत्या टेस्टरवर हा फॉल्ट सापडत नाही. नाक्यावरच्याकडे मेगर नसतो बहुतेक, पण त्याच्या ओळखीत कोणाकडे तरी असतो, "भाड्याने आण, त्याचे पैसे वेगळे देतो" म्हणा, आणतो.

बाल्कनीचा दिवा यानंतरच करा, आधी नाही. लीकेज सापडलं नसताना त्याच ओल्या भिंतीवर नवीन पॉइंट काढणं म्हणजे उंदराला नवीन बीळ करून देणं. लावाल तेव्हा फिटिंग बाहेरच्या वापराचं, जॉइंट आतल्या बाजूला, आणि तो पॉइंट आरसीसीबीतनं येणाऱ्या लाइनवरच. दिवाळीत कंदीलही तुम्ही तिथेच लावणार, ऑक्टोबरात एखादी सर येतेच, त्यामुळे होल्डर उघडा लोंबकळत ठेवू नका. गणपतीतल्या माळांचं पण तेच, त्या बारीक वायरी एका एक्स्टेंशनवर सहा-सहा लावतात, लोड नसतो फार पण जॉइंट सगळे कापडाखाली, सजावटीखाली.

एक जागा अशी आहे जिथे कोणालाच पाठवायचं नाही, ती म्हणजे मीटर रूम. तुमच्याकडे उपनगरात अदानीची लाइन असते किंवा टाटाची, शहरात कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, मुलुंड-भांडुपला महावितरण. मीटर आणि कंपनीकडून मीटरपर्यंत येणारं सील केलेलं सगळं कंपनीचं, त्याला हात लावणं 2003 च्या वीज कायद्यात गुन्हा आहे, वायरमन कितीही म्हणाला "दोन मिनिटात करतो साहेब" तरी नाही. मीटरपासून तुमच्या दारापर्यंतची वायर मात्र आपली असते, ती पण चाळीस वर्षांची असणार, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला विषय काढा, शिव्या खाल पण काढा. आणि एक लक्षण पाठ करून ठेवा, घरातले काही दिवे अचानक लख्ख झाले आणि शेजारच्याकडे मिणमिणते झाले, किंवा दिवे फुगतायत-बसतायत असं वाटलं, तर बिल्डिंगचा न्यूट्रल ढिला झालाय. 230 च्या जागी 300 च्या वर व्होल्टेज येऊ शकतं, टीव्ही-फ्रिज एका फटक्यात जातात. अशा वेळी वायरमन शोधत बसू नका, घरातला मेन पाडा, मग बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करा. खाली पाणी भरलं की पण तेच, 26 जुलै 2005 ला उपनगरात किती मीटर रूम बुडाल्या ते आम्ही नंतर महिनाभर बघत होतो, पाणी ओसरलं म्हणजे आतलं वाळलं असं नसतं.

आता हा दुकानात बसणारा माणूस चांगला का वाईट हे कसं ओळखायचं. लायसन्स विचारलंत तर नसणार, पण हातावरून कळतं. आल्या आल्या बोर्ड उघडतो का आधी मेन पाडून टेस्टर मारून बघतो. टेस्टरच्या पुढे मल्टिमीटर, जमलं तर क्लॅम्प मीटर आहे का पिशवीत. सॉकेटच्या दोन्ही भोकात टेस्टर पेटला तर "डबल फेज आला" म्हणतो का "न्यूट्रल तुटलाय" म्हणतो, दुसरं म्हणणारा माणूस धरून ठेवा. जॉइंट काळ्या टेपने गुंडाळून पाइपमधे ढकलतो का बॉक्समधे ठेवतो. आणि अर्थिंग. जुन्या घरात तिसऱ्या भोकाला बरेचदा काहीच जोडलेलं नसतं, तेव्हा काही जण सॉकेटच्या मागे अर्थ आणि न्यूट्रलमधे वायरचा तुकडा टाकून देतात, किंवा नळाच्या पाइपला बांधतात. पहिल्यात न्यूट्रल कुठे तुटला तर गिझरच्या अंगावर फेज येतो, आणि दुसऱ्यात एखादी वस्तू लीक झाली तर अख्ख्या लाइनीतल्या नळांवर. असं करणाऱ्याला परत घरात घेऊ नका.

तो या कसोटीत पास झाला तर मी म्हणेन ॲपवरच्यापेक्षा तोच बरा. त्याला तुमच्या बिल्डिंगचे पाइप माहितीयेत, कुठल्या विंगमधे ॲल्युमिनियमची वायर आहे ते माहितीये, आणि रात्री दहाला काही झालं तर तो दोन गल्ल्या सोडून राहतो. ॲपवाला मुलगा वाईट नसतो, पण त्याला पंचेचाळीस मिनिटात पुढची बुकिंग गाठायचीय, फॉल्ट शोधायला वेळ लागतो आणि वेळच त्याच्याकडे नसतो. एकच करा, बेलसाठी वेगळा, फॅनसाठी वेगळा असं बोलावू नका, यादी करून एका दिवसाचं काम द्या, तो पण नीट येतो आणि तुम्हालाही परवडतं. सामान मात्र स्वतः आणा किंवा बरोबर जा, आयएसआय मार्क बघून, पूर्ण 90 मीटरचं बंडल लागणार असेल तर लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात जा, स्वस्त पडतं. सुटी वायर दुकानातनं मीटरवर घेतली तर तार मोजून बघा, कधी कधी अडीचच्या नावाखाली दीडच निघते.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन. पहिल्या दिवशी गिझरचा सॉकेट आणि प्लग दोन्ही नवीन, मागची वायर काळी पडली असेल तर तेवढी कापून, नाही पुरली तर पूर्ण बदलून, त्याच फेरीत फॅन, बेल आणि एलईडीचा स्विच. मग पिना काढून आरसीसीबीचा तपास, त्याला एखाद्या मुसळधार पावसाची वाट बघावी लागेल, बघा. इंडक्शनची लाइन तपास झाल्यावर, बाल्कनी सगळ्यात शेवटी. आणि माणूस जायच्या आधी, पैसे हातात द्यायच्या आधी, त्याला डीबीसमोर उभा करून एकेक एमसीबी पाडायला लावा आणि कुठला कशाचा ते खाली मार्करने लिहून घ्या, गिझर, किचन, हॉल, एसी. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण आहे ते त्याच्याच समोर दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही तर तो कितीही नवा दिसत असला तरी गेलेला आहे, त्याच दिवशी बदलून घ्या.